रांगेतली माणसे : पॉन्झी, बॉस्टन आणि विश्वासाचा पुरावा

सोमवार, २६ जुलै १९२०. बॉस्टन शहरातील स्कूल स्ट्रीट या आखूडशा रस्त्यावर २७ क्रमांकाच्या इमारतीपुढे सकाळपासून माणसांची गर्दी लोटली होती. या इमारतीत 'सिक्युरिटीज एक्स्चेंज कंपनी' या भारदस्त नावाची एक लहानशी पेढी होती आणि तिचा मालक, चालक व सर्वेसर्वा चार्ल्स पॉन्झी नावाचा इटालियन स्थलांतरित होता. आदल्या शनिवारी 'बॉस्टन पोस्ट' या दैनिकाने त्याच्याविषयी बहुतांशी कौतुकाचा मजकूर छापला होता; सोमवारच्या अंकात त्याच दैनिकाने त्याच्या व्यवहाराविषयी शंका उपस्थित केल्या. त्यामुळे गर्दीत काही जण पैसे ठेवायला आले होते आणि काही जण ठेवलेले पैसे काढून घ्यायला. पुढचे काही दिवस पॉन्झी या गर्दीत स्वतः फिरत राहिला, लोकांना कॉफी आणि डोनट वाटत राहिला, काळजीचे कारण नाही असे हसतमुखाने सांगत राहिला. तीन दिवसांत त्याने सुमारे २० लाख डॉलर परत केले. आणि रांगेत उभे राहिलेल्यांपैकी कित्येक जण खिडकीपर्यंत न जाता, पैसे त्याच्याकडेच ठेवून, घरी परतले.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही थांबू इच्छितो. आर्थिक फसवणुकीचा इतिहास सामान्यतः फसवणाऱ्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो. पॉन्झीचे तर विशेषनामच सामान्यनाम झाले. नव्या ठेवींतून जुन्या ठेवी फेडण्याच्या प्रत्येक प्रकाराला जगभर त्याच्या नावाने ओळखतात. रांगेतल्या माणसांना मात्र नाव नाही. त्यांच्यासाठी आपल्याजवळ दोनच शब्द असतात, 'भोळे' किंवा 'लोभी'. हे दोन्ही शब्द आपली सोय पाहणारे आहेत, कारण ते उच्चारताच आपण त्या रांगेबाहेर उभे आहोत असे आपल्याला वाटू लागते. ज्याच्या हाती आपली पुंजी आहे त्याच्यावर फसवणुकीचा उघड आरोप झाल्यावर माणसे नेमके काय करतात, आणि तसे का करतात, हा प्रश्न त्या शब्दांनी सुटत नाही. तो झाकला जातो.

आधी व्यवहार समजून घेऊ. पॉन्झीचा जन्म १८८२ साली इटलीतील लुगो येथे झाला. १९०३ साली तो बोटीने बॉस्टनला उतरला. पुढे माँट्रियल येथे झारोस्सी नावाच्या इटालियन गृहस्थाच्या बँकेत त्याने नोकरी केली. ही बँक ठेवींवर इतरांच्या दुप्पट व्याज देत असे आणि ते व्याज नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जात असे. बँक बुडाली, मालक मेक्सिकोस पळाला, आणि थोड्याच काळात पॉन्झी एका बनावट धनादेशापायी कॅनडातील तुरुंगात गेला. त्यानंतर स्थलांतरितांना चोरून अमेरिकेत आणण्याच्या प्रकरणात त्याने अमेरिकेतही शिक्षा भोगली. बॉस्टनच्या ठेवीदारांना यातले काहीच ठाऊक नव्हते.

१९१९ च्या उन्हाळ्यात स्पेनहून आलेल्या एका पत्रासोबत त्याला एक आंतरराष्ट्रीय उत्तर-कूपन मिळाले. परदेशी पत्र लिहिणाऱ्याने उत्तराच्या टपालखर्चासाठी असे कूपन सोबत पाठवावे आणि पत्र मिळालेल्याने आपल्या देशाच्या टपाल कार्यालयात ते देऊन तिकिटे घ्यावीत, अशी ही सोय होती. जागतिक टपाल संघाने ती १९०६ च्या रोम परिषदेत मान्य केली होती. कूपनाची किंमत आधीच ठरलेली होती. पण पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील अनेक चलने डॉलरच्या तुलनेत कोसळली. म्हणजे तिकडे स्वस्तात कूपन घेऊन इकडे जास्त किमतीची तिकिटे मिळवता येणे कागदावर तरी शक्य होते. पॉन्झीच्या कथेचे बीज एवढेच, आणि ते खोटे नव्हते. खोटेपणा पुढे सुरू झाला. एकेका कूपनामागे काही सेंटांचा नफा; कूपनाच्या बदल्यात मिळणार रोकड नव्हे तर तिकिटे; ती तिकिटे पुन्हा विकायची; आणि हे सारे लाखो डॉलरांच्या प्रमाणात करायचे, हा उद्योग व्यवहारात होण्याजोगा नव्हताच. पॉन्झीने तो केलाही नाही. त्याने फक्त त्याची गोष्ट सांगितली.

गोष्टीवरचे वचन असे होते: आज शंभर डॉलर द्या, नव्वद दिवसांनी दीडशे घ्या. प्रत्यक्षात तो पंचेचाळीस दिवसांतच दीडशे देऊ लागला. प्रत्येक वेळी मुद्दल आणि नफा परत गुंतवत राहिले तर या हिशेबाने वर्षभरात शंभराचे अडीच हजारांवर डॉलर होतात. त्या काळी बँका मात्र शेकडा चार-पाच टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या. डिसेंबर १९१९ मध्ये अवघ्या दीडशे डॉलरांच्या भांडवलावर सुरू झालेल्या या पेढीने आठ महिन्यांत ९५ लाख ८२ हजार डॉलर गोळा केले आणि त्यांपोटी १ कोटी ४३ लाख ७४ हजार डॉलरांच्या वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या. हे आकडे पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात नोंदवले आहेत. त्याच निकालपत्रातील एक निरीक्षण एखाद्या कादंबरीकाराने हेवा करावा असे आहे: हा मनुष्य पहिल्यापासूनच दिवाळखोर होता, आणि त्याचा धंदा जितका यशस्वी होत गेला तितका तो दररोज अधिक दिवाळखोर होत गेला.

आता ठेवीदाराच्या जागेवरून पाहू. त्याला या व्यवहाराचे कोणते अंग दिसत होते? पेढीचे हिशेब दिसत नव्हते, ते धड लिहिलेलेही नव्हते. कूपने दिसत नव्हती. दिसत होता तो ओळखीतला माणूस. पेढीचे अडते ठेवींवर शेकडा दहा टक्के दलाली घेत, आणि ते बहुधा आपल्याच वस्तीतले, आपल्याच भाषेत बोलणारे असत. त्या माणसाच्या मागून दिसत होते रोख पैसे. शेजाऱ्याने मे महिन्यात शंभर दिले आणि जुलैच्या आरंभी दीडशे मोजून घेतले. ही अफवा नव्हती. ती डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट होती. दिलेल्या तारखेच्या आधीच पैसे परत करणारा मनुष्य कोणत्याही गावच्या बाजारात सचोटीचा मानला जातो. अनेकांनी तर हाती आलेले पैसे तिथल्या तिथे पुन्हा गुंतवले. त्यामुळे व्याज द्यावे लागूनही पेढीतून रोकड फारशी बाहेर जात नसे.

इथे या प्रकरणाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. सामान्य कर्जव्यवहारात फेड हा सचोटीचा पुरावा असतो. पॉन्झीच्या व्यवहारात फेड हीच फसवणूक होती. प्रत्येक फेडीबरोबर कोणा दुसऱ्याचे पैसे जात होते आणि तिसऱ्या कोणाचा विश्वास वाढत होता. म्हणजे ज्या एकमेव पुराव्यावर ठेवीदाराने विसंबून राहावे, अशी त्याची पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण होती, तोच पुरावा खोटा करून ठेवला होता. त्याने पुरावा मागितलाच नाही, असे म्हणता येत नाही. त्याने मागितला, त्याला तो मिळाला, आणि त्या पुराव्यानेच त्याला बुडवले.

मग आरोप आले. 'पोस्ट'ने अर्थविषयक पत्रकारितेतील अधिकारी पुरुष क्लॅरेन्स बॅरन यांना या व्यवहाराची छाननी करायला सांगितले. बॅरन यांचे मुद्दे साधे आणि उघड होते. इतका नफा देणारा हा गृहस्थ स्वतःचे पैसे आपल्या पेढीत न गुंतवता बँकांत आणि स्थावर मालमत्तेत का गुंतवतो? आणि त्याने घेतलेल्या ठेवींना पुरी पडतील इतकी कूपने घ्यायची तर ती १६ कोटी लागतील. प्रत्यक्षात साऱ्या जगात चलनात असलेली कूपने सुमारे २७ हजार. अमेरिकेच्या टपाल खात्यानेही मोठ्या प्रमाणावर कूपनांची खरेदी कोठे होत नसल्याचे सांगितले. सोळा कोटी आणि सत्तावीस हजार! हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यावर आणखी काही सांगायची गरज उरू नये. तरीही ज्यांनी वर्तमानपत्र वाचले त्यांतले कित्येक रांग सोडून घरी गेले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी एक उत्तर चटकन सुचते. कोलरिजने १८१७ साली वाचकाच्या बाबतीत सांगितलेली, अविश्वास स्वखुशीने बाजूला ठेवण्याची वृत्ती इथे लागू करून मोकळे व्हावे असा मोह होतो. आम्हांस तो मोह टाळावासा वाटतो. कविता वाचणाऱ्याला आपण कविता वाचतो आहोत हे ठाऊक असते. तो अविश्वास बाजूला ठेवतो कारण पुस्तक मिटल्यावर तो जागेवर सापडणार आहे. स्कूल स्ट्रीटवरच्या विणकराने वा न्हाव्याने अविश्वास बाजूला ठेवला नव्हता. त्याने विश्वास कमावला होता, पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या हप्त्यांनी.

दुसरे उत्तर डिकन्सचे. 'लिटल डॉरिट' या १८५५ ते १८५७ दरम्यान क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतील मर्डल हा धनाढ्य ठक, बँक बुडवून १८५६ च्या फेब्रुवारीत आत्महत्या केलेल्या जॉन सॅडलियर या आयरिश गृहस्थावरून बेतला, हे सर्वश्रुत आहे. मर्डलवरचा विश्वास घराघरांत पसरतो त्या प्रकरणाला डिकन्सने साथीच्या रोगाचे रूपक दिले. रूपक प्रभावी आहे आणि आजही शेअरबाजाराविषयी लिहिताना आपण नकळत तेच वापरतो. पण त्यात एक उणीव आहे. रोग्याला कारणे नसतात, त्याला फक्त लागण होते. ठेवीदाराला मात्र कारणे होती. ती चुकीची ठरली म्हणून ती नव्हतीच असे होत नाही. याच डिकन्सने त्याआधी 'मार्टिन चझलविट'मध्ये एक बनावट विमा कंपनी रंगवली होती. तिथे त्याने आलिशान कचेरीचा आणि भपक्याचा विश्वासावर होणारा परिणाम फार बारकाईने टिपला आहे. साथीच्या रूपकापेक्षा हे निरीक्षण आम्हांस अधिक उपयोगी वाटते, कारण लोक कशाला पुरावा समजतात हे ते दाखवते.

तेव्हा रांगेतल्या माणसांची कारणे काय होती? पहिले सांगून झाले: फेड. दुसरे कारण आरोपीच्या वागणुकीत होते. पळून जाणारा ठक कसा असतो याचे एक चित्र लोकांच्या मनात असते. पॉन्झी पळाला नाही. त्याने दार उघडे ठेवले, मागेल त्याला पैसे दिले. ज्याची मुदत भरली त्याला दीडशे, ज्याची भरली नाही त्याला निदान मुद्दल. जिल्हा वकील पेलेटिए यांच्याशी बोलून हिशेबतपासणी होईपर्यंत नव्या ठेवी न घेण्याचे त्याने कबूल केले. ठकाला जे परवडणार नाही असे आपल्याला वाटते, नेमके तेच तो करत होता. वस्तुतः नव्या ठेवी थांबवणे म्हणजे त्याच्या पेढीचा श्वासच थांबवणे होते. पण बघणाऱ्यांनी त्याचा अर्थ 'याच्यापाशी लपवण्यासारखे काही नाही' असा लावला.

तिसरे कारण आरोप करणाऱ्यांत होते. बॉस्टनच्या जुन्या, श्रीमंत, इंग्रजी वंशाच्या घराण्यांना 'ब्राह्मण' म्हणण्याची प्रथा ऑलिव्हर वेन्डेल होम्स या लेखकाने १८६० साली पाडली. मराठी वाचकाला त्या शब्दाचा तिथला अर्थ निराळा समजावून सांगायची फारशी गरज पडू नये. बँका त्या वर्गाच्या हातात. त्या शहरातील इटालियन स्थलांतरिताला बँकेच्या दारात जी वागणूक मिळे तिच्या तुलनेत पॉन्झीच्या खिडकीवर तो घरचा माणूस असे. बँका तुमच्या पैशांवर मोठा नफा कमावून तुमच्या हातावर चार टक्के टेकवतात, मी तो नफा तुमच्याशी वाटून घेतो, असे पॉन्झी उघडपणे म्हणे. त्यातले पहिले अर्धे वाक्य अगदीच खोटे नव्हते. त्याच वर्षाच्या मे महिन्यात त्याच मॅसॅच्युसेट्‌स राज्यात साको आणि व्हान्झेत्ती या दोन इटालियन स्थलांतरितांना अटक झाली होती, आणि पुढे जगभर गाजलेला तो खटला आकार घेत होता. इटालियन माणसावर प्रतिष्ठित अमेरिकेने केलेला आणखी एक आरोप म्हणून बॅरन यांच्या आकड्यांकडे कोणी पाहिले असेल, तर ते पाहणे केवळ मूर्खपणाचे म्हणता येईल का? गर्दीतून कोणीतरी पॉन्झीला थोर इटालियन म्हणून हाक दिली, त्याने विनयाने कोलंबसाचे आणि मार्कोनीचे नाव घेतले, आणि त्यावर, त्यांनी काहीही शोधले असो, तुम्ही पैसा शोधलात, असे उत्तर आले, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा रचलेली, त्या रांगेचा स्वाभिमान तिच्यात नीट पकडला आहे. आरोप मान्य करणे म्हणजे फक्त पैसे गेल्याचे मान्य करणे नव्हते. आपल्यातला एक जण त्यांच्या तोडीचा निघाला, हा आनंदही परत करणे होते.

मात्र एवढ्यावर थांबलो तर ठेवीदारांना निर्दोष ठरवण्याच्या भरात आपण दुसरे टोक गाठू. सोळा कोटी आणि सत्तावीस हजार हे आकडे कोणत्याही वंशाचे नव्हते. आरोप करणाऱ्याचे हितसंबंध कोणतेही असोत, बेरीज त्याच्या पक्षाची नसते. बोलणारा कोण हे पाहून बोललेले खरे की खोटे ठरवणे ही वाचनाची जी पद्धत आहे, ती आपल्या समीक्षेतही काही कमी रुजलेली नाही. तिचे बळ आपण जाणतो. तिची किंमत किती असू शकते हे बॉस्टनच्या त्या उन्हाळ्यात दिसले. याच शहरात चाळीस वर्षांपूर्वी सारा हाउ नावाच्या बाईने फक्त स्त्रियांच्या ठेवी घेणारी, महिना शेकडा आठ टक्के व्याज देणारी पेढी चालवली होती आणि १८८० साली एका वर्तमानपत्रानेच ती उघडकीस आणली होती. पण शहराची स्मृती चाळीस वर्षे पुरत नाही. आणि प्रत्येक पिढीला आपला ठक पहिलाच वाटतो.

दोन ऑगस्टला 'पोस्ट'ने विल्यम मॅकमास्टर्स यांचा लेख छापला. मॅकमास्टर्स हे पॉन्झीनेच प्रसिद्धीसाठी नेमलेले गृहस्थ. आतून पाहिल्यावर त्यांनी आपला मालक दिवाळखोर असल्याचे जाहीर केले. या लेखासाठी त्यांना वर्तमानपत्राने पाच हजार डॉलर दिले. आता आरोप घरातल्या माणसाचा होता. पुन्हा रांग लागली आणि या वेळी ती सहज ओसरली नाही. नऊ ऑगस्टला राज्याच्या बँक आयुक्तांनी पॉन्झीचे धनादेश वटवू नयेत असा आदेश हॅनोव्हर ट्रस्ट या बँकेला दिला. अकरा तारखेला माँट्रियलची शिक्षा छायाचित्रासह छापून आली. हिशेबतपासनिसाने देणे ७० लाख डॉलरांचे काढले. बारा ऑगस्टला पॉन्झी अटकेत होता. हॅनोव्हर ट्रस्ट बंद पडली, तिच्यामागून आणखीही बँका बुडाल्या. आणि ज्यांनी पॉन्झीकडे एक सेंटही ठेवला नव्हता अशा माणसांच्या ठेवी अडकल्या. १९२१ साली 'पोस्ट'ला या कामगिरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मराठीत 'पत' हा शब्द आहे. तो बाजारातलाही आहे आणि घरातलाही. पत म्हणजे उधारी मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे इभ्रत. इंग्रजीतील 'क्रेडिट' हा शब्द ज्या लॅटिन धातूतून आला त्याचा अर्थही विश्वास ठेवणे असाच आहे. पण पत या शब्दात आणखी काही आहे. पत माणसाची स्वतःची असते तितकीच ती त्याला देणाऱ्यांची असते. ज्याची पत गेली त्याच्याबरोबर त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्याचीही जाते. म्हणून जुन्या बाजारात दिवाळे काढणाऱ्याने भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवायचा, त्यावरून दिवाळे हा शब्द आला, अशी एक समजूत आहे. व्युत्पत्ती म्हणून तिचे मोल काहीही असो, तिच्यामागची कल्पना विचार करण्यासारखी आहे. दिवाळे ही लपवण्याची नव्हे, सर्वांना दाखवण्याची गोष्ट, कारण ते सर्वांचे असते. पॉन्झीने नेमका हाच दिवा आठ महिने विझवून ठेवला. आणि त्याची वचनचिठ्ठी शेजाऱ्याला कौतुकाने दाखवणाऱ्या प्रत्येकाने, नकळत का होईना, तो विझवायला हात लावला.

हे आम्ही अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. कायद्यालाही शेवटी जवळपास याच निष्कर्षाला यावे लागले. पॉन्झीच्या दिवाळखोरीवर नेमलेल्या विश्वस्तांनी ऑगस्टच्या त्या आठवड्यात पैसे काढून घेण्यात यशस्वी झालेल्या काही ठेवीदारांवर दावे लावले: ते पैसे परत करा, सर्वांत वाटायचे आहेत. ठेवीदारांचे म्हणणे असे, की आम्हांला फसवून करार करवून घेतला, फसवणूक कळताच आम्ही तो मोडून आमचेच पैसे घेतले. यात चूक काय? खालच्या न्यायालयांना हे पटले. १९२४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते निकाल फिरवले. मुख्य न्यायाधीश टाफ्ट यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा: 'आमचेच पैसे' म्हणण्याजोगे तिथे काही उरलेच नव्हते. सर्वांचे डॉलर एकाच खात्यात मिसळले होते आणि कोणाचा कोणता हे दाखवता येत नव्हते. दोन ऑगस्टच्या लेखानंतर ठेवीदारांचे, फसवणूक कळून करार मोडणारे आणि वचनावर विसंबून पैसे मागणारे, असे दोन वर्ग पाडता येणार नाहीत. सर्व एकाच वर्गातले, एकाच हेतूने धावलेले. अशा प्रसंगी समानता हाच न्याय.

या निकालातला विपर्यास फार खोल आहे. ज्यांनी वर्तमानपत्र वाचून वेळीच शंका घेतली, त्यांची शंका हीच त्यांच्यावर उलटली; कारण दिवाळखोरीची कल्पना असताना पैसे काढले, म्हणून ते परत करायचे. शहाणपणाची ही शिक्षा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. पण थोडे थांबून पाहिले की न्यायालयाचे म्हणणे टाळता येत नाही. खिडकीवर जे डॉलर मोजून दिले जात होते ते कोणाचे होते? घरी परतलेल्या माणसाचे. कॉफी पिऊन, समाधान मानून, रांग सोडून गेलेल्या त्या माणसाच्या विश्वासातून शंकेखोराची फेड होत होती. आणि जूनमध्ये आनंदाने दीडशे मोजून घेणाऱ्याची फेड जुलैमध्ये आलेल्या नवख्याच्या पैशांतून झाली होती. या व्यवहारात विश्वास ठेवणे ही जशी खासगी गोष्ट नव्हती, तशी विश्वास काढून घेणे हीसुद्धा नव्हती. दोन्हींची किंमत रांगेतला दुसरा कोणीतरी मोजत होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपांपैकी एका आरोपाखाली पॉन्झीने नोव्हेंबर १९२० मध्ये गुन्हा कबूल केला आणि त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. नंतर राज्याने लावलेल्या चोरीच्या खटल्यांत एकदा ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले, दुसऱ्यांदा तिचे एकमत झाले नाही, तिसऱ्यांदा तो दोषी ठरला. मधल्या काळात फ्लोरिडात जमिनीचे तुकडे विकण्याचाही उद्योग त्याने करून पाहिला. १९३४ साली त्याला इटलीला पाठवून देण्यात आले आणि १९४९ च्या जानेवारीत रिओ दि जानेरो येथील एका धर्मादाय रुग्णालयात तो वारला. ठेवीदारांच्या हाती वर्षानुवर्षांच्या कज्जेदलालीनंतर जे आले ते मुद्दलाच्या निम्म्याहूनही बरेच कमी होते.

शेवटच्या दिवसांत पॉन्झीने एका वार्ताहराला सांगितले म्हणतात, की मी त्या लोकांना त्यांच्या प्रदेशात कधी झाला नव्हता असा खेळ दाखवला. त्यासाठी त्यांनी मोजलेली दीड कोटी डॉलरांची किंमत काही जास्त नाही. चतुर उद्गार आहे, आणि पॉन्झीवर लिहिणारे बहुतेक जण तो उतरवून घेऊन लेख संपवतात. ठकाला शेवटचे वाक्य बोलू देण्याची आपल्याला सवय लागली आहे. त्याच्या बोलण्याला लय असते, आणि वाङ्मयाच्या माणसांना लय लवकर भुरळ घालते. पण या उद्गारातही तीच जुनी युक्ती आहे. तो ठेवीदारांना प्रेक्षक ठरवतो. प्रेक्षक तिकीट काढताना खेळ आहे हे जाणून तिकीट काढतो. स्कूल स्ट्रीटवर कोणीही तिकीट काढले नव्हते. त्यांनी घरभाड्याचे, मुलीच्या लग्नाचे, गावाकडे पाठवायचे पैसे ठेवले होते.

म्हणून आम्हांस हा लेख खिडकीपाशी नव्हे, रांगेच्या मध्यावर संपवावासा वाटतो. तिथे एक माणूस उभा आहे. त्याच्या एका हातात वर्तमानपत्र आहे, त्यात बेरीज आहे. दुसऱ्या हातात वचनचिठ्ठी आहे, तिच्यामागे शेजाऱ्याने डोळ्यांदेखत मोजून घेतलेले दीडशे डॉलर आहेत. तो भोळा नाही. त्याच्यापाशी दोन पुरावे आहेत आणि त्यातला कोणता खोटा हे त्याने ठरवायचे आहे. पुढे सरकावे तर मागच्याचे पैसे आपल्या हाती येणार; मागे फिरावे तर आपले पुढच्याच्या हाती जाणार. हे त्याला त्या क्षणी ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. त्याला हसण्याचा अधिकार या जाणिवेने आपल्याला मिळतो की उलट तोच हिरावला जातो, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे.